सेप्सिस: ओळखायचा कसा आणि उपचार कोणत्या क्रमाने करायचे

सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडून जीव धोक्यात येण्याच्या अवस्थेची, व्याख्या पाठ असलेले डॉक्टर पुष्कळ आहेत. पण रात्री दोन वाजता समोरच्या पेशंटला सेप्सिस आहे की नुसताच ताप, हे ठरवताना पाठ केलेली व्याख्या फारशी कामाला येत नाही. ती लावायला रक्ताचे रिपोर्ट हातात लागतात आणि उपचार मात्र रिपोर्ट यायच्या आधी सुरू व्हावे लागतात. म्हणून व्याख्या कशासाठी आहे आणि संशय कशावरून घ्यायचा, या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवायला हव्यात. हा लेख प्रामुख्याने ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी आहे. नातेवाइकांनी काय पाहावं आणि काय सांगावं, तेही ओघात येईल.

आजार किती मोठा आहे हे आधी लक्षात घ्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि त्यातले १ कोटी १० लाख दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक सेप्सिसशी निगडित होता.

व्याख्या कुठून कुठे आली

पहिली सर्वमान्य व्याख्या १९९१ च्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ परिषदेत ठरली. तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी आणि सोबत संसर्ग असला की सेप्सिस म्हणायचं. हेच एसआयआरएसचे, म्हणजे शरीरभर उसळलेल्या दाहाचे निकष. लक्षात ठेवायला सोपे, पण साधा फ्लू झालेला धडधाकट तरुणही त्यात बसतो आणि ज्याला ताप चढतच नाही असा वयस्कर किंवा स्टेरॉइडवरचा पेशंट हातून निसटू शकतो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सेप्सिस-३ ही व्याख्या आली आणि मोठ्यांसाठी आज तीच वापरली जाते. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडतो, त्याने शरीराचेच अवयव बिघडतात आणि जीव धोक्यात येतो, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणायचं. नुसता ताप आणि वाढलेल्या पेशी आता पुरत नाहीत. अवयवांचा बिघाड सोफा स्कोअरने मोजतात. फुफ्फुस, रक्त गोठणं, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. पेशंटच्या नेहमीच्या स्थितीपेक्षा हा स्कोअर २ किंवा जास्त गुणांनी वाढला तर सेप्सिस. अशा पेशंटमध्ये हॉस्पिटलमधल्या मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जातं. ‘सिव्हिअर सेप्सिस’ हा जुना मधला वर्ग काढून टाकला आहे.

सेप्टिक शॉक म्हणजे त्यापुढची पायरी. पुरेसं सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब, म्हणजे वॉर्डमध्ये आपण मॅप म्हणतो तो, ६५ वर ठेवायला रक्तदाब वाढवणारं औषध लागतंय आणि लॅक्टेट (पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) लिटरमागे २ मिलिमोलच्या वर आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तर शॉक. इथे मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जातं.

आता यातली वेळ बघा. बिलिरुबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन येईपर्यंत तास-दोन तास सहज जातात. शॉकची व्याख्या तर सलाईन देऊन झाल्यावरच लागू होते. तेव्हा या व्याख्या रोगाचं नाव नक्की करायला, धोक्याचा अंदाज बांधायला आणि संशोधनात सगळे एकाच आजाराबद्दल बोलताहेत याची खात्री करायला आहेत. सुई टोचायची वेळ त्या सांगत नाहीत.

पायरी पहिली: संशय घ्या

एक काल्पनिक पेशंट घेऊ आणि शेवटपर्यंत तिच्यासोबतच जाऊ. वय ६८, वजन ६० किलो, मधुमेह आहे. दोन दिवसांपासून लघवीला जळजळ, जेवण नाही. मुलगा सांगतो, “आई सकाळपासून काहीतरी वेगळंच बोलतेय.” तापमान ३७.४. नाडी ११२, श्वास २६, बीपी ९६/५४, बोटाच्या प्रोबवर ऑक्सिजन ९६ टक्के.

ताप नाही म्हणून तिला लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं अगदी सहज घडू शकतं. पण मुलाचं ते एक वाक्य थर्मामीटरपेक्षा मोलाचं आहे. संसर्ग असलेल्या माणसाचं बोलणं, वागणं, भान अचानक बदललं तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो मेंदूवरचा परिणाम धरावा. ‘वयामुळे होतं असं’ ही समजूत इथे घातक ठरते.

दुसरी गोष्ट श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा, पेशंटला न सांगता. चार्टवर सगळ्यांचे श्वास १८ किंवा २० लिहिलेले दिसले की ते मोजलेले नाहीत असं खुशाल समजावं. शरीरात आम्ल साठायला लागलं की श्वासाचा वेग लवकर वाढतो. बीपी त्यानंतर बराच वेळ तग धरून राहू शकतं.

तिसरी गोष्ट त्वचा. हातपाय गार आहेत का, गुडघ्यांवर जाळीदार निळसर डाग आहेत का ते पाहा. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडा. रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्ताभिसरण कमी पडतंय. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही, म्हणून ओठ, जीभ आणि तळहात पाहा. चौथी गोष्ट लघवी: शेवटची कधी झाली, किती झाली. हा प्रश्न नातेवाइकांना हमखास विचारा.

क्यूसोफा नावाची छोटी तपासणी आहे: श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, भान बिघडलेलं. तीनपैकी दोन असले तर धोका. आपल्या पेशंटला तिन्ही आहेत. पण क्यूसोफा कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, म्हणजे सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनने, चाळणी म्हणून एकट्या क्यूसोफावर विसंबू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. त्यात बरेच पेशंट सुटतात. न्यूज-२ सारखा, नाडी-श्वास-बीपी-तापमान अशा नोंदींना गुण देणारा स्कोअर वॉर्डसाठी जास्त चांगला, कारण तो दर वेळी मोजल्यावर पेशंट कुठल्या दिशेने चाललाय ते दाखवतो.

नातेवाइकांसाठी इथेच सांगतो. ताप किंवा कुठलाही संसर्ग असताना धाप, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणं, हातपाय गार पडणं, दिवसभर लघवी न होणं, किंवा ‘यापूर्वी कधी इतकं आजारी वाटलं नव्हतं’ असं स्वतः पेशंटने सांगणं, यातलं काहीही दिसलं तर घरी उरलेली अँटिबायोटिक देऊन सकाळची वाट पाहू नका. थेट इमर्जन्सीत जा आणि ‘सेप्सिस असू शकेल का?’ असं सरळ विचारा. चालू औषधं, औषधांची अ‍ॅलर्जी, अलीकडचं ऑपरेशन आणि मागच्या काही महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिक एका कागदावर लिहून न्या.

पायरी दुसरी: पहिला तास

संशय आला की कामं एकामागोमाग न करता एकाच वेळी सुरू होतात. एकाने ऑक्सिजन आणि मॉनिटर बघायचा, दुसऱ्याने शिरेत दोन जाड सुया लावून त्याच वेळी रक्त काढायचं: लॅक्टेट, रक्तपेशी, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, साखर, आणि ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचे) दोन संच दोन वेगळ्या जागांवरून. मोठ्यांमध्ये प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं. दोन मिली घालून कल्चर निगेटिव्ह आला तर तो जंतू नसल्याचा पुरावा होत नाही. लघवी, थुंकी, जखमेतला पू, जिथे संशय असेल तिथला नमुनाही घ्या. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यावा हे खरं, पण त्यापायी औषध पाऊण तासाहून जास्त अडकून पडू नये.

अँटिबायोटिक किती लवकर, यावर खूप वाद झाले. २००६ च्या एका बहुचर्चित अभ्यासात रक्तदाब कोसळलेल्या पेशंटमध्ये योग्य औषधाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरासोबत जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण तो नियम प्रत्येक तापाला लावला की अँटिबायोटिकचा बेसुमार वापर होतो. आजची शिफारस मला पटते, ती अशी: शॉक असेल किंवा सेप्सिस असल्याची दाट शक्यता असेल तर तासाच्या आत द्या. शॉक नाही आणि संसर्ग आहे की नाही याचीच शंका आहे, तर झटपट तपासण्या करा, आणि शंका कायम राहिली तर तीन तासांच्या आत द्या. संसर्गाची शक्यता कमी असेल तर थांबा, पण पेशंटवर बारीक नजर ठेवा.

कोणतं अँटिबायोटिक, हे संसर्ग कुठे आहे, पेशंट अलीकडे हॉस्पिटलमध्ये होता का, आधीच्या कल्चरमध्ये काय उगवलं होतं, प्रतिकारशक्ती कमी आहे का आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, यावर ठरतं. दोन व्यवहारातल्या गोष्टी पुस्तकात ठळक दिसत नाहीत. पहिली, किडनी बिघडलेली असली तरी पहिला डोस पूर्ण द्यायचा. डोस कमी करायचा तो पुढचा. दुसरी, दोन औषधं द्यायची असतील तर जे काही मिनिटांत देता येतं ते आधी द्या. तासभर ठिबकत जाणारं व्हॅन्कोमायसिन लावून मुख्य औषध ताटकळत ठेवू नका. आणि फाइलवर औषध लिहिल्याची वेळ नव्हे, ते प्रत्यक्ष शिरेत गेल्याची वेळ नोंदवा.

हेही विसरू नका की सेप्सिस फक्त बॅक्टेरियाने होत नाही. मलेरिया, डेंग्यू, कोविड, बुरशी यांनीही अवयव असेच बिघडतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. डेंग्यूमध्ये तर सलाईनचं गणितही वेगळं आहे.

पायरी तिसरी: सलाईन, पण मोजून आणि बघून

बीपी कमी असेल किंवा लॅक्टेट ४ किंवा त्याहून जास्त असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली हा प्रचलित आकडा आहे. आपल्या पेशंटसाठी १८०० मिली. तिचं लॅक्टेट ४.२ आलं, म्हणजे तिला द्यायलाच हवं. पण हा आकडा भक्कम पुराव्यावर उभा नाही. मार्गदर्शक तत्त्वांनीही २०२१ मध्ये त्याची शिफारस सौम्य केली. २०२३ मध्ये आलेल्या क्लोव्हर्स या अमेरिकेतल्या चाचणीत सुरुवातीचं सलाईन दिल्यानंतर एका गटाला भरपूर सलाईन आणि दुसऱ्याला कमी सलाईन व लवकर रक्तदाबाचं औषध दिलं. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही.

यातून मी काढलेला अर्थ असा: एकदम दोन लिटर लावून निघून जाऊ नका. २५० ते ५०० मिली द्या आणि पेशंटकडे परत या. श्वास वाढला का? छातीत खालच्या भागात करकर ऐकू येते का? बोटाचा रंग लवकर परतला का? नाडी उतरली का? पाय ४५ अंश वर उचलून मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढतं का, हे मोजायची सोय असेल तर तेही करा. फायदा दिसत असेल तरच पुढची बाटली. हृदयाचे किंवा डायलिसिसचे पेशंट म्हणून सलाईन अजिबात न देणं चूक, तसंच आकडा पूर्ण करायचा म्हणून फुफ्फुसं भरून टाकणंही चूक.

द्रव कोणता? रिंगर लॅक्टेटसारखं संतुलित द्रव नॉर्मल सलाईनपेक्षा बरं. रिंगरमुळे लॅक्टेट वाढतं या भीतीने ते टाळायचं कारण नाही. स्टार्चचे द्रव वापरू नका, त्यांनी किडनीचं नुकसान होतं. फार मोठ्या प्रमाणात द्रव लागले तर अल्ब्युमिनचा विचार करता येतो.

पायरी चौथी: रक्तदाबाचं औषध

१८०० मिली गेल्यावर आपल्या पेशंटचा मॅप ५८ आणि लॅक्टेट ३.६. आता नॉरअ‍ॅड्रेनालिन सुरू. खरं तर मॅप फारच खाली असेल तर सलाईन चालू असतानाच सुरू करा. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत खोलवर घातलेली नळी, नाही म्हणून थांबायची गरज नाही. कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून थोडा काळ देता येतं, फक्त ती जागा वारंवार तपासायची, कारण औषध बाहेर झिरपलं तर त्वचा काळी पडते.

लक्ष्य मॅप ६५. आपण मॅप हाताने काढू शकतो: खालच्या दाबाची दुप्पट अधिक वरचा दाब, भागिले तीन. ती आली तेव्हाचा मॅप ६८ होता, म्हणजे वरवर पाहता ठीकच. म्हणून बीपीचा एकच आकडा बघून निश्चिंत होऊ नका असं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस मिनिटाला किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेला तर डोस चढवत न राहता व्हॅसोप्रेसिन हे दुसरं रक्तदाबाचं औषध जोडतात, मिनिटाला ०.०३ युनिट. तोच डोस चार तासांहून जास्त लागत असेल तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, दिवसाला २०० मिग्रॅ, साधारणपणे ५० मिग्रॅ दर सहा तासांनी. व्हिटॅमिन सीच्या इंजेक्शनांचा मध्यंतरी मोठा गाजावाजा झाला. त्यांची शिफारस नाही.

लॅक्टेट दोन ते चार तासांनी पुन्हा करा. ते उतरत असेल तर चांगलं, पण लॅक्टेट म्हणजे फक्त रक्तपुरवठा नाही. यकृताचा आजार, अ‍ॅड्रेनालिन, सालब्युटामॉल, झटके, यांनीही ते वाढतं. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत लॅक्टेटवर चालवलेले उपचार आणि बोटाचा रंग परतायच्या वेळेवर चालवलेले उपचार यांची तुलना झाली आणि बोट पाहणारे मागे पडले नाहीत. ज्या ठिकाणी रात्री लॅक्टेट होत नाही तिथे काम करणाऱ्यांनी हे मनात पक्कं करावं.

पायरी पाचवी: उगम शोधा आणि रिकामा करा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष या पायरीवर होतं. तुंबलेल्या पूवर अँटिबायोटिक पुरेसं पोचत नाही. आपल्या पेशंटची सोनोग्राफी केली तर उजव्या मूत्रवाहिनीत खडा आणि वर फुगलेली किडनी. आता जगातलं सर्वात महाग अँटिबायोटिकही एकट्याने तिला वाचवणार नाही. स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून ती किडनी मोकळी करावी लागेल, तीही आज रात्रीच. ‘थोडी स्थिर होऊ दे, मग बघू’ हे वाक्य इथे उलटं आहे. मोकळं केल्याशिवाय ती स्थिर होणार नाही.

पित्तनलिकेतला अडथळा, फाटलेलं आतडं, पोटातलं गळू, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, सडत चाललेला पाय, जुनी सेंट्रल लाइन: प्रत्येक पेशंटमध्ये ही यादी मनात चाळा. पेशंटला कुशीवर वळवून पाठ, बसायची जागा आणि तळपाय पाहा. सर्जनना फोन करायची योग्य वेळ आयसीयूत बेड मिळाल्यावर नाही, संशय आल्याबरोबर आहे.

दरम्यान रिपोर्ट आले. प्लेटलेट १ लाख १० हजार म्हणजे १ गुण, क्रिएटिनिन २.१ म्हणजे २, आली तेव्हा मॅप ७० च्या खाली म्हणून १, भान किंचित बिघडलेलं म्हणून १. सोफा ५. व्याख्या आत्ता पूर्ण झाली. तिचं अँटिबायोटिक केव्हाच गेलेलं आहे.

पुढचे दिवस

आयसीयूत गेल्यावर काम संपत नाही, फक्त त्याचा वेग बदलतो. व्हेंटिलेटर लागला आणि फुफ्फुसं ताठर झाली असतील तर श्वासाची मात्रा आदर्श वजनाच्या किलोमागे ६ मिली ठेवा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्याशिवाय सहसा रक्त चढवायचं नाही. साखर १८० किंवा वर गेली तर इन्सुलिन. पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिन, आणि शक्य तितक्या लवकर पोटातून अन्न.

रोज सकाळी अँटिबायोटिकला तीन प्रश्न विचारा. अजून लागतंय का? कल्चर आला असेल तर अधिक नेमकं, कमी व्याप्तीचं औषध चालेल का? कोणत्या दिवशी थांबवायचं? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स चाचणीत रक्तात जंतू सापडलेल्या पेशंटमध्ये सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांपेक्षा कमी ठरले नाहीत. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे पेशंट त्यात घेतले नव्हते. प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ततपासणी अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला मदत करते. सुरू करायचं की नाही हे त्यावर ठरवू नका.

एक जुना अनुभव इथे सांगण्याजोगा आहे, वैद्यकशास्त्राचा. २००१ साली एका अमेरिकन हॉस्पिटलमधल्या अभ्यासात ठरावीक आकडे गाठत जाणाऱ्या काटेकोर उपचारांनी मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आलेले दिसले आणि जगभर सेंट्रल लाइनमधले आकडे मोजणं सुरू झालं. २०१४ आणि २०१५ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांत त्या काटेकोर पद्धतीचा जास्तीचा फायदा दिसला नाही. तोवर लवकर ओळख, लवकर अँटिबायोटिक आणि लवकर सलाईन हे सगळीकडेच रुळलं होतं. त्याच २००१ मध्ये मान्यता मिळालेलं अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे महागडं औषध २०११ मध्ये उपयोग दिसला नाही म्हणून बाजारातून काढून घेण्यात आलं. सेप्सिसमध्ये आजवर जी गोष्ट टिकली ती वेळेवर केलेली साधी कामं आणि पेशंटच्या बाजूला वारंवार जाणं.

मुलं आणि बाळंतिणी

मुलांना मोठ्यांचे आकडे लावू नका. जानेवारी २०२४ पासून त्यांच्यासाठी फिनिक्स निकष आहेत, त्यात श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू यांचे गुण मोजतात. २ किंवा जास्त गुण म्हणजे सेप्सिस. मुलांचं बीपी अगदी शेवटी पडतं, म्हणून दूध न ओढणारं, न रडणारं, लुळं पडलेलं किंवा डायपर कोरडा राहिलेलं मूल बीपी चांगलं असलं तरी आजारीच समजा. सलाईनच्या बाबतीत २०११ ची आफ्रिकेतली फीस्ट चाचणी विसरू नका. आयसीयूची सोय नसलेल्या ठिकाणी झटपट सलाईन दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू १०.५ टक्के होते, न दिलेल्यांत ७.३ टक्के. अशा ठिकाणी बीपी पडलेलं नसेल तर भराभर बोलस देऊ नये.

गरोदरपणात नाडी मुळातच जास्त असते, बीपी थोडं कमी असतं, त्यामुळे सुरुवातीची चिन्हं झाकली जातात. प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर सहा आठवड्यांपर्यंत धोका धरा आणि दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात दुखणं, स्तनाला गाठ आणि ताप यांना ‘बाळंतपणाचा थकवा’ म्हणू नका.

घरी पाठवताना

वाचलेल्या पेशंटपैकी अनेकांना पुढचे महिने अशक्तपणा, विसराळूपणा, झोप न लागणं, वाईट स्वप्नं, चिंता यांचा त्रास होतो. आजार गेला तरी हे राहतं, आणि आधी सांगितलं नसेल तर पेशंट आणि घरचे दोघेही घाबरतात किंवा पेशंटला आळशी ठरवतात. डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘लघवीचा संसर्ग’ न लिहिता ‘सेप्सिस, सेप्टिक शॉक’ असं स्पष्ट लिहा. कल्चरमध्ये कोणता जंतू आला आणि त्यावर कोणतं औषध चाललं तेही लिहा, कारण पुढच्या वेळी पहिल्या तासात तीच माहिती सर्वात आधी लागेल. बंद ठेवलेली मधुमेहाची आणि बीपीची औषधं पुन्हा कधी सुरू करायची, स्टेंट कोणत्या तारखेला काढायचा, क्रिएटिनिन पुन्हा कधी करायचं आणि फिजिओथेरपी कुठून सुरू करायची, हे तोंडी न सांगता लिहून द्या. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा भरती व्हावं लागण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा थंडी वाजून ताप आला, धाप लागली किंवा बोलण्यात फरक जाणवला तर ओपीडीची तारीख न बघता त्याच दिवशी इमर्जन्सीत यायचं, आणि आल्याबरोबर आधी सेप्सिस होऊन गेलाय हे सांगायचं.